पूल राखण्याचा खेळ

ज्या शहराच्या नावाचाच अर्थ नाव,
पाण्यावरची, वल्ह्याची,
आणि नद्या मात्र सगळ्या फरसबंदीखाली गाडलेल्या,
त्या वूचमध्ये, मिल्क बारच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी
आम्ही चौघं पन्नाशीची माणसं भांडतोय:
ऐंशीच्या दशकातला सर्वांत भारी गेम कोणता?

बीटचं सूप निवत चाललंय. पेन माझ्याकडे.
पेन नेहमी माझ्याकडेच.
हिला इंग्रजी येतं, ही तेव्हापासूनची समजूत.

व्येस्वावा म्हणते, खाणीचा.
कंदील घेऊन खाली खाली उतरणारा तो माणूस;
तेल संपलं की पडदा काळा
आणि काळ्यातून नुसती पावलांची टकटक.
ती अजून जिना उतरताना मोजते म्हणे.

लुदोमिर बोट वर करतो, शाळेत करायचा तसंच:
भारी वेगळं, प्रभावी वेगळं.
भारी म्हणजे ज्याच्यापुढे भूक लागत नाही.
प्रभावी म्हणजे पुढे ज्याची सगळ्यांनी नक्कल केली.
नक्कल? बोगुमिल चमचा आपटतो.
आपल्याकडे नकलेशिवाय होतं काय?

हे मात्र खरं.
नकलेची नक्कल, तिची नक्कल,
कॅसेटवर पेन्सिलीनं कुणाच्यातरी मैत्रिणीचं नाव.
आणि शुक्रवारी रात्री रेडिओ:
निवेदक सांगायचा, टेप तयार ठेवा,
मग चार मिनिटं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंचाळी,
रेडिओपुढे धरलेला माइक, अख्खं घर श्वास कोंडून.
लुदोमिरच्या वडिलांच्या एका खोकल्यात
एक पूर्ण अंतराळयान गेलं.
अजून त्यांच्या थडग्याशी तो तेवढी एक तक्रार करतो.

मग कुणी न सुचवताच
आम्ही येतो त्याच्यावर. बिननावाच्या.

नदी. उचलता पूल. डावीकडून येणाऱ्या नावा.
सुरुवातीला इंग्रजीत सहा ओळी.
मी अकरा वर्षांची, आत्या शिकागोला,
तेवढ्या भांडवलावर वाचून दाखवलं:
पूल राखा. एकही नाव पलीकडे जाऊ देऊ नका.

दोन हिवाळे राखला.
बाहेर मांसाच्या रांगेत आया पाळीपाळीनं उभ्या,
आत आम्ही पाळीपाळीनं पुलावर.
गुण शून्याच्या वर कधी गेले नाहीत.
शून्य म्हणजे निष्कलंक, असं आम्ही ठरवलं.
वही होती: कोण किती वेळ शून्यावर टिकला.
बोगुमिल, एक तास बावीस मिनिटं. मग वीज गेली.

बोगुमिल आज पालिकेत पुलांची तपासणी करतो.
गेमशी संबंध नाही, म्हणतो,
कुणी विचारलेलं नसताना.

व्येस्वावा म्हणते, तसा गेम पुन्हा कुणाला सुचला नाही.
हारायचं नाही, जिंकायचं नाही, नुसतं अडवायचं.
म्हणजे प्रभाव शून्य, लुदोमिर हसतो.
शून्य! शून्यच तर हवं होतं! सगळे ओरडतात,
काउंटरवरची बाई मान वर करून बघते.

आणि मी सूप ढवळतेय.
नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जुन्या बाजारात,
एका पेटीत ती कॅसेट मिळाली होती मला, छापील, पुस्तिकेसकट.
तोवर इंग्रजी खरंच येत होतं.
पूल उचला, असं होतं.
धरण फुटलंय. नावांत माणसं आहेत.
त्यांना पलीकडे जाऊ द्या.

दोन हिवाळे.
कितीदा वाटलं फोन करावा.
पण काय सांगायचं, आणि कुणाला आधी?

पहिल्या क्रमांकापुढे मी रेघ ओढते.
नाव काय लिहायचं, व्येस्वावा विचारते,
त्याला तर नावच नव्हतं.

लुदोमिर पावाचा तुकडा सुपात बुडवतो,
माझ्याकडे न बघता म्हणतो:
सहा ओळी होत्या ना गं?
तू दोनच वाचल्या होत्यास.