जुडगा

उद्या सकाळी नऊला येतील कार्डवाले.
दाराला कार्ड टेकवलं की हिरवा दिवा, बस्स.
तोवर हा जुडगा माझ्याच कमरेला:
एकशे चौऱ्याण्णव किल्ल्या,
त्यातल्या अकरांना आता दारंच उरलेली नाहीत.

ही वीतभर लांब, पहिल्या इमारतीची.
सात जणी आल्या होत्या म्हणे लक्झेंबर्गहून,
आधी बोटीने, मग बैलांच्या गाडीतून,
डकोटाच्या या गवतात.
थंडीत शाई गोठायची,
म्हणून दौत काखेत धरून शिकवायच्या
शेतकऱ्यांच्या मुलींना लॅटिन.
एप्रिल उजाडला की निम्म्या मुली पेरणीला परत.

ही जिमची. एकाहत्तर साली मुलगे घेतले
तेव्हा घाईत उभारलेलं.
अजून गळतं.

ही ग्रंथालयाच्या तळघराची.
तिथे सिस्टर ओडिलिया खोक्यांवर लेबलं चिकटवत बसते,
ब्याण्णवाव्या वर्षी, बोटमोजे घालून.
शहरातल्या मोठ्या विद्यापीठाने
पदरात घेतलंय आम्हाला.
नाव राहील म्हणतात.
कंसात.

दफनभूमीला कुलूप कधी नव्हतंच.
तिथे चौदा जागा शिल्लक आहेत,
सिस्टर पाच.

तत्त्वज्ञानाला यंदा चार विद्यार्थी. विभाग बंद.
नर्सिंगला मात्र प्रतीक्षायादी, वर्ग रात्री दहापर्यंत.
मांसाच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट येतात
ग्वातेमालाच्या बायका, बर्मातली कारेन पोरं,
हातांना ब्लीचचा वास,
बसल्या बसल्या डुलक्या घेतात,
मग दचकून उठतात
आणि हृदयाचे कप्पे पाठ करतात,
ओठ हलवत, जपमाळ ओढावी तसे.

मी विचारलं, सिस्टर, वाईट नाही वाटत?
ती लेबलाला थुंकी लावत होती.
"त्या सात जणी काय लॅटिनसाठी आल्या होत्या?
ऑर्विल, त्या पोरींना रात्री कॉफी मिळते का,
ते बघ आधी."

मिळत नव्हती.
कँटीन सातलाच बंद.

ती किल्ली काल युलालिया शोककडे दिली.
दोन मुलांची आई, पहिल्या बाकावर बसते,
पेला विसळून जागच्या जागी ठेवणारी.

उद्या मोजून देईन एकशे त्र्याण्णव.
एक कमी कशी, विचारलं
तर सांगेन, हरवली असेल बर्फात कुठेतरी.
या थापेचं कन्फेशनमध्ये बघू.
फादर झेलेन्का हल्ली
पंधरवड्यातून एकदाच येतात.