पाचवं पान

नाना यार्डात भावाचं बोलत नसत.
खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या मनगटावर टाकायचे
आणि त्याखाली बोटं धरायचे.
दोन धरली की दोन, मूठ आवळली की पाच,
तळव्यावर नख ओढलं की वर अर्धा.
तोंडानं पायगोंडाच्या म्हशीची चौकशी,
आटली का, दिली का, कुणाला दिली.
भोवती उभ्या सहा जणांना
राजापुरीचा भाव शेवटपर्यंत कळायचा नाही.

मी बी.कॉम. झालो. टॉवेल धुवायला पडला,
लिलाव स्क्रीनवर गेला, मीही गेलो,
रात्री साडेअकरानंतर, माडीवर, पंखा तीनवर.
नाव घेतलं ‘पेव ४१६’.
समोर ‘बटाटेवडा’, ‘मुक्काम नागपूर’, ‘गप्प राणी’,
कुणाला चेहरा नाही, कुणाला घसा नाही,
फक्त एक हिरवी पट्टी आकसत जाते
आणि तेवढ्यात माणूस ओळखायचा.
जो झटकन भरतो तो घाबरलेला असतो.
हे मला ॲपनं शिकवलं नाही.

आई पर्युषणात मोठ्यानं वाचायची
सात व्यसनं, त्यांत पहिलं द्यूत.
वाचताना माडीकडं बघायची नाही.
न बघण्यावरूनच कळायचं.

मार्चअखेर उरकल्यावर एकदा पणजी.
रातराणी, आजऱ्याला चहा, आंबोलीत उलटी,
मांडवीत उभं जहाज, आत गालिचा,
घड्याळ कुठंच नाही.
मला बदामचा राजा आणि इस्पिकचा राजा,
मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा.
चिपा रचताना अंगठा दिव्याखाली गेला.
पानं वाटणारी, छातीवर ‘रीटा’ लिहिलेली,
माझ्या नखाकडं बघून क्षणभर थांबली
आणि ओठ न हलवता म्हणाली,
“यार्डातलं काय?”
कवठेमहांकाळचा हेल, लपत नाही.
तीन साबण झाले तरी हळदही नाही.

मग पाचवं पान. त्याला तिथं रिव्हर म्हणतात.
चौथ्यापर्यंत सगळं तुमचं असतं,
मग नदी येते.
हरिपूरच्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही.
आमची पेवं जमिनीत खोल, तोंडं लिंपलेली,
आत कुणाची किती, ते मालकाला ठाऊक आणि मातीला.
उघडायचं तर आधी कंदील सोडायचा,
विझला तर उतरायचं नाही.
दोन हजार पाचला कृष्णा चढली,
वारणा तिला वाट देईना,
आणि कुणी न मागता सगळ्यांची पानं उघडी पडली.
गल्लीभर पिवळं पाणी.
नाना कठड्यावर बसून म्हशीचं विचारत होते.

नदीला किलवरची दुर्री आली.
पलीकडच्या जाड्या कंत्राटदारानं
होतं नव्हतं ते पुढं सारलं आणि मोसंबी सोलत बसला.
मी मनातल्या मनात कंदील सोडला.
विझला.
दोन्ही राजे पालथे घातले.
त्यानं काय होतं ते दाखवलं नाही,
दाखवायची रीतही नाही.
अजून घाटाच्या वळणावर ते न बघितलेलं पान
माझ्या हाताला लागतं.

ऑगस्टात ॲप बंद पडलं.
शिल्लक खात्यात आली, सातशे बारा रुपये.
त्या रात्री नाना माडीवर आले, जिन्यात दोनदा थांबून.
“त्यो खेळ कसा असतो रं?”

हळकुंडांवर बसलो. वीस वीस घेतली.
नानांनी पानं एकदाच बघितली,
मग माझ्या गळ्याकडं बघत राहिले.
पायगोंडाच्या म्हशीचं विचारलं.
ती मरून अकरा वर्षं झाली,
पायगोंडाला चार.
पाचवं पान उलटलं.
त्यांनी ढीग पुढं ढकलला,
तळव्यावर नख ओढल्यासारखं काहीतरी केलं हवेत.
मी पानं टाकली.

“काय होतं तुमच्याकडं?”

पत्ते गड्डीत खुपसून ते पिसायला लागले.
“बघायचं होतं तर भरायचं होतंस,” म्हणाले
आणि माझी हळकुंडं
मोजून टॉवेलात बांधली.