तुला कुणी पाठवलं?

हजेरी व्हायच्या आधीच इकरा बागवान उठली,
बाई, धरणाला तडा गेलाय.
कुठल्या धरणाला, ते तिला ठाऊक नव्हतं,
पण व्हिडिओ होता: राखाडी भिंत, पांढरा फेस,
आणि धापा टाकत कुणीतरी
दत्तवाडीचं नाव घेत होतं.

दत्तवाडी म्हणजे आम्ही.
मागच्या बाकावर दोघांनी दप्तरं भरायला घेतली.

मी फळ्यावर ‘अफवा’ लिहिलं आणि पुसलं.
हा शब्द लिहिला की मुलं गप्प बसतात
आणि मधल्या सुट्टीत तेच बोलतात.

म्हणून विचारलं, तुला कुणी पाठवलं?
मावशीने. मावशीला सोसायटीच्या ग्रुपवर थोपटेकाकांनी.
थोपट्यांचा ऋग्वेद तिसऱ्या रांगेत,
तो म्हणाला, पप्पांना रिक्षा स्टँडवरून आलं,
आणि स्टँडवर
मी खडूने बाण काढत गेले,
नदीचा नकाशा काढावा तसा.
उगम काही सापडेना.

एक बाण मात्र शाळेकडेच वळला.
पालक-शिक्षक ग्रुप, रात्री सव्वाअकरा:
‘खरं-खोटं माहीत नाही, पण सगळ्यांनी काळजी घ्या.’
खाली जोडलेले दोन हात.
ते माझे होते.

पंख्याची कुरकुर पहिल्यांदाच एवढी ऐकू आली.
मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट.

मग वेदिका मारणे, जी कधीच हात वर करत नाही:
पण बाई, एकसष्ट साली खरंच फुटलं होतं ना?
पणजोबा सांगायचे, तेव्हाही लोक म्हणत होते,
उगाच घाबरवू नका.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
पाटबंधारे खात्याचा नंबर होता.
चारदा एंगेज. पाचव्यांदा एक कंटाळलेला आवाज,
कोण बोलतंय?
आठवी ब! सत्तेचाळीस जण एकदम.

त्याने कागद चाळले. भिंतीला काही नाही, म्हणाला.
दुपारी चारला पाणी सोडणार, एवढे एवढे क्युसेक.
दत्तवाडी ना? मग संध्याकाळी
नदीकडे फिरकू नका.

काका, तुमचं नाव? ऋग्वेदने विचारलं. लिहून घ्यायचंय.
पलीकडे जरा वेळ नुसती सळसळ.
निगडे, तो म्हणाला. भालचंद्र निगडे.

मधल्या सुट्टीत मी ग्रुपवर दुरुस्ती लिहिली.
काल रात्रीचं माझं चुकलं. वेळ, आकडा, निगडे.
इकराने ती दोनदा वाचली,
आणि जोडलेले हात
तेवढे काढायला लावले.