टॉलरन्स

सातपूरच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं
मी मापं घेतली.
व्हर्नियरच्या जबड्यात धरून
दर जॉबला विचारलं, बरोबर आहेस ना?
निरोपाच्या दिवशी घड्याळ मिळणार हे धरून
मनगट मोकळं ठेवून गेलो होतो.
एचआरच्या ऋतुजाने हातात दिलं ऑर्किड.
पांढरं, सहा फुलांचं,
वाकलेल्या दांड्याला क्लिपा लावलेलं.
"सर, याला फार काही लागत नाही."

फार काही लागत नाही, हे
मी आजवर फक्त माणसांबद्दल ऐकलं होतं
आणि दर वेळी खोटं निघालं होतं.

सहाही फुलं गेली,
पडल्याचा आवाजसुद्धा न करता.
उरली चार जाड पानं
आणि कुंडीबाहेर लोंबणारी राखाडी मुळं.
हेमलता म्हणाली, मेलंय ते. बांडगूळच शेवटी.
मी म्हटलं, बांडगूळ झाडाचं पितं,
हे नुसतं धरून राहतं.
"तुमच्यासारखं," ती म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली.

गंगापूर रोडच्या नर्सरीत निमसेला विचारलं,
माती कुठली घालू?
"माती मेलेल्याला देतात, काका."
कोळशाचे तुकडे, नारळाची सोडणं, विटेचे खडे
त्याने पिशवीत भरून दिले.
मुळं रुपेरी दिसली तर तहान, हिरवी दिसली तर पोट भरलंय.
पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं की संपलं,
कापसाने टिपायचं,
तान्ह्याचा कान पुसावा तसं.

मग मी वहीच घातली.
रविवारी बादलीत पंधरा मिनिटं.
खत पाव चमचा, तेही पंधरवड्याने.
एप्रिलात दुपारभर ओलं गोणपाट,
कारण सिडकोतल्या पश्चिमेच्या बाल्कनीत
माणूससुद्धा पानं टाकेल.
नवं मूळ फुटलं, टोकाला हिरवट-तांबूस.
रोज सकाळी व्हर्नियर घेऊन उकिडवा बसायचो,
११.४०. ११.९५. १२.६०.
गायधनींचा नातू कठड्यावरून वाकून म्हणाला,
आजोबा, त्याला ताप आलाय का?

पान वाढलं, मूळ वाढलं, दांडा मात्र नाही.
एक वर्ष. दुसरं.
निमसे म्हणाला, काका, फार सुखात आहे ते.

डिसेंबरात तेजलकडे पुण्याला गेलो, बारा दिवस.
हेमलताला गुडघ्यामुळे येणं नव्हतं.
फ्रिजवर सूचना चिकटवल्या, नऊ मुद्दे,
कुंडी रात्री आत, हा लाल शाईने.
त्याच आठवड्यात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर,
खाली द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो.
फोनवर विचारलं, आत घेतेस ना?
म्हणाली, हो.

आलो तर कुंडी बाहेरच,
कोपऱ्यात, वाळत घातलेल्या पायपुसण्याशेजारी.
बारा रात्री.
"वाकता येत नव्हतं. आणि सांगितलं असतं
तर तुम्ही पहिली बस पकडली असती."
मी बोलायला तोंड उघडलं
आणि उघडंच राहिलं.
तिसऱ्या पानाखालून काहीतरी निघालं होतं.
मूळ नव्हे. मूळ खाली बघतं.
हे चपट्या टोकाचं,
हातमोज्यातल्या बाळमुठीसारखं,
वर निघालेलं.

निमसे फोनवर हसत सुटला.
दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा,
यातला फरक अंगाला लागावा लागतो, काका,
तेव्हा कुठे ते मनावर घेतं.

फरक.
दोन शतांश मिलिमीटरहून जास्त दिसला
की मी जॉब परत पाठवायचो.
कितीतरी पोरांनी माझ्यामुळे
ओव्हरटाइम केला असेल.

आता हेमलता सकाळी उन्हात
गुडघ्याला तेल लावत बसते,
विचारते, किती झाला आज?
व्हर्नियर कपाटात आहे, त्याच्या निळ्या मखमलीत.
मी म्हणतो, तूच बघ.
ती तेलकट तर्जनी
दांड्याशेजारी धरते, न टेकवता,
एक डोळा मिटते.
दोन पेरं, म्हणते.
आणि वर थोडंसं.