साडेसहा पावलं

पहिल्या दिवशी मी सगलला म्हटलं,
"तुझ्या देशाचं चित्र काढ."
तिनं खजुराचं झाड काढलं, शेजारी उंट,
वर वाटोळा पिवळा सूर्य.
मी ते भिंतीवर लावलं, शाबासकी दिली.

पुढे कळलं, ती वाढली नैरोबीत, पाचव्या मजल्यावर.
उंट तिनंही माझ्यासारखाच पुस्तकात पाहिलेला.
मला हवं ते तिनं काढून दिलं होतं,
पाहुणीनं यजमानाचं मन राखावं तसं.

चित्र उतरवलं.
खिळा तिथेच आहे.

सावलीच्या धड्याला पटांगणात काठी रोवली
आणि मोजपट्टी वर्गातच विसरले.
मुलं खिदळली. ती हळूच म्हणाली,
"बाबा पावलांनी मोजतात."
आयरिकनं तिच्या सावलीच्या डोक्यापाशी दगड ठेवला.
मग बूट काढून, नुसत्या मोज्यांनी,
टाचेला अंगठा भिडवत ती दगडापर्यंत चालत गेली.
माध्यान्हीची सावली वजा करायची,
उरली ती आपल्या उंचीएवढी झाली, की असरची वेळ.
माणूस आपल्याच साडेसहा पावलांएवढा उंच असतो
हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं.
फळ्यावर आधी तिची रीत लिहिली,
मग पुस्तकातली. उत्तरं जुळली, थोडी इकडेतिकडे.

"पण इथे दोन महिने सूर्यच नसतो," आयरिक म्हणाला,
"तेव्हा?"
अख्खा वर्ग तिच्याकडे वळला.
पूर्वी मीही वळले असते,
जणू सगळ्या धर्माची किल्ली दहा वर्षांच्या खिशात.
"शोधू आपण सगळे," मी म्हणाले.
ती हसली. "मशिदीतही अजून ठरत नाही.
एक काका म्हणतात मक्केचं घड्याळ धरा,
दुसरे म्हणतात दक्षिणेकडच्या गावाचं.
बाबा दोघांना चहा देतात."

जानेवारीत ट्रॉम्सोला सूर्य परत आला, चार मिनिटं.
जामभरले पाव वाटले. ते कशात तळले
हे मी बेकरीत आधीच विचारून ठेवलं होतं, सांगितलं नाही कुणाला.
सगळे बर्फावर धावले, आपापल्या सावलीमागे.
सावल्या कुठल्या कुठे गेलेल्या.
"एकशे बारा!" आयरिक ओरडला, आणि पाण्यापाशी अडला.

सगल अजून मोजत होती, ओठांतल्या ओठांत.
कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.
वहीत तिच्या आकड्यापुरती
जागा मोकळी ठेवली.