स्टॉपर

प्रतापनगरच्या रेल्वे मैदानावर
गवत फक्त कॉर्नरपाशी उगवतं.
तिथंच सायकल लावतात खानविलकर सर,
पँटच्या पायाची क्लिप काढतात,
शिट्टी रुमालानं पुसतात.

सतरा वर्षं स्टॉपर. डाव्या भुवईत पाच टाके.
पेपरात नाव एकदाच:
रतलामला, फायनलला, ऐंशीव्या मिनिटाला
त्यांच्या नडगीला लागून चेंडू गेला
आपल्याच जाळ्यात.
काकूंनी कात्रण फाडलं. सरांनी तुकडे जोडून
आमच्या हजेरीच्या वहीत चिकटवलं,
मागच्या पानावर.

"चेंडूकडे बघू नकोस, तो लबाड.
कंबर बघ.
कंबरेला खोटं बोलता येत नाही."

मकवाणांचा धाकटा विचारतो,
"सर, गोल क्यारे शीखवशो?"
सर ऐकत नाहीत, किंवा ऐकतात
आणि चुन्याची रेघ पुन्हा आखायला घेतात,
जरा वाकडीच.

काल मी एकाला अडवलं.
नुसतं अडवलं. चेंडू लाइनबाहेर गेला,
टाळी कुणी वाजवली नाही,
थ्रो झाला, खेळ पुढे सरकला.

सर मात्र सायकलपाशी उभे,
क्लिप हातात,
लावायची विसरून.