इतिवृत्त, मुद्दा सहावा

गावच्या हॉलमध्ये हीटर लावला की आधी जळक्या धुळीचा वास येतो,
मग माणसं.
मी पॅरिश कौन्सिलची कारकून. तासाला चौदा पौंड,
आणि सांगलीच्या शाळेत छडी खाऊन घोटलेलं शुद्धलेखन,
जे इथं डर्बीशरमध्ये इंग्रजीवर खर्ची पडतं.

मुद्दा पाचवा, बसथांब्याचं छप्पर: पुढच्या महिन्यावर.
मुद्दा सहावा, मोटरसायकली.

ग्लेनिस आउट्रम उभ्या राहिल्या, कोट न काढताच.
रविवारी दरीतून ते वर चढतात ना,
तेव्हा कपाटातल्या बश्या आधी बोलायला लागतात, म्हणाल्या,
आणि पहिलारू मेंढी ओलं कोकरू टाकून कुंपणाकडे धावते.
कंपनीच्या सायलेन्सरनं काय घोडं मारलं होतं?
पैसे मोजून गोंगाट विकत घेतात ही माणसं!

आवाज जीव वाचवतो,
मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला.
कान फाटला तरच गाडीवाला आरशात बघतो.
त्याच्या जॅकेटवर कुणाचंतरी नाव शिवलेलं,
खाली दोन सालं, मध्ये जेमतेम बावीस वर्षं.
लोमास सर विज्ञान शिकवायचे. ते हळूच म्हणाले,
बाळा, नळीचं तोंड मागे असतं, आणि मोटार येते पुढून.
हेही खरं.
यावर पोरगा काही बोलला नाही. मीही काही लिहिलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, एमओटीच्या दिवशी आत जाळी बसवतात,
पास झाली की दुपारी काढून खिशात.
हशा. गॅरेजवाले पर्सग्लोव्ह छताकडे बघत राहिले.
आमच्याकडे याला कानाडोळा म्हणतात,
एका शब्दात कानही झाकतो, डोळाही.
इंग्रजीत नुसता आंधळा डोळा आहे.
कान बिचारा उघडाच राहतो.

शेवटी क्लाइव्ह टनिक्लिफ.
एकोणचाळीस वर्षं चुनखडीच्या खाणीत, सुरुंगावर.
मोठ्यानं बोलतात, कारण स्वतःचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.
"रोज साडेअकराला डोंगर उडायचा.
तेव्हा बश्या बोलल्या नाहीत का, ग्लेनिस?
तेव्हा नाही कुणी सभा घेतली.
सगळ्या गावाचा पगार होता त्या आवाजात."
पाणी प्यायले. अर्धं हनुवटीवर.
"जुन्या नळीनं मला कळायचंच नाही, इंजिन जिवंत आहे की मेलंय.
ही लावल्यापासून इथं येतं,"
आणि बरगड्यांवर हात ठेवला,
तान्ह्याला निजवताना ठेवतात तसा.
"गिअर मी इथून बदलतो."

अध्यक्ष म्हणाले, नोंद घ्या.
मी घेतली: श्री. टनिक्लिफ यांनी मत मांडले.
ध चा मा केला नाही.
पण ध तरी कुठे लिहिला?

फलक लावायचा, सहा विरुद्ध तीन. एकशे ऐंशी पौंड.
'कृपया शांतता.' रंग नंतर ठरेल.

मी कुलूप लावत होते तेव्हा बाहेर फक्त क्लाइव्ह होते.
गाडी त्यांनी सुरू केली नाही.
सव्वादोनशे किलोचं ते धूड
ग्लेनिसच्या फाटकावरून उताराला हातानं ढकलत नेलं,
बूट घसरत, साखळी टिकटिकत,
आणि धाप. मला ती पन्नास पावलांवरून ऐकू आली.
त्यांना आली नसणार.

पूल ओलांडल्यावर मात्र एकदम:
दरी भरून, कुत्री, खिडक्यांच्या काचा, सगळं.
मग वळण. मग दुसरं वळण.
ग्लेनिसच्या माडीवर दिवा लागला नाही.
तो आधीपासून जळतच होता.

इतिवृत्त सकाळपर्यंत पाठवायचंय.
मुद्दा सहावा. आवाजाबाबत चर्चा झाली.
यापुढे कर्सर मिचमिचतोय,
काही आवाज न करता.